निचरा

मार्चच्या मध्याला पानं खाली आली.
शशी म्हणाली, तहान लागलीय.
मी एक तांब्या घातला.
दुसऱ्या दिवशी पानं आणखी खाली.
मग दोन तांबे.

अझेलिया. मृदुलानं कालिम्पोंगहून आणलेलं,
विमानात मांडीवर धरून;
बंगळुरूला बदली झाली तेव्हा
लोकमान्य नगरच्या आमच्या गच्चीत ठेवून गेली.
"बाबा, याला ऊन सोसत नाही हं."
पाण्याचं काही बोलली नाही.
मला काय सांगणार पाण्याचं?

एकतीस वर्षं जलूदहून पाणी चढवलं मी.
नर्मदा खाली, इंदूर वर,
मधे विंध्याचा अख्खा चढ.
रात्री दोनला फोन : दाब नाही साहेब,
टाकी अर्धीच, सुदामा नगरात नळ कोरडे.
तक्रारींच्या इतक्या वह्या भरल्या,
"पाणी फार येतंय" अशी एक ओळ नाही कुठे.

बोट खुपसून पाहिलं.
वर कोरडी खपली, पेरभर खाली गार लगदा.
ओल आहे ना, मग झालं, म्हटलं.
कळ्या उमलण्याआधीच तपकिरी
आणि गळतही नव्हत्या.
सुकलेलं पान कुरकुरतं. हे मऊ,
भिजलेल्या पोस्टकार्डासारखं.
शेवटी शशी वाकली, वास घेतला,
म्हणाली, "अहो, मोरी तुंबलीय इथे."

सुखलियाहून बद्रीलाल आला.
आधी कुंडीवर बोटाच्या सांध्यानं टकटक.
भरल्या माठाचा आवाज.
मग वरची शोभेची चिनी मातीची कुंडी काढली :
तिला भोकच नव्हतं,
तळाशी दोन बोटं पाणी, त्यात डासांची पिल्लं.
"यो तो डूबी ग्यो, बाबूजी."

उलटी केली तर माती कुंडीच्याच आकाराची निघाली,
काळी, चकचकीत.
कोणी भरली ही? मी.
देपालपूरहून मुद्दाम मागवली दोन पोती,
गव्हाला सोन्यासारखी.
त्यानं केसाएवढं एक मूळ चिमटीत धरून ओढलं :
साल बोटांत आली,
आत नुसता दोरा राहिला.

रामकन्या दारात उभी. तिनं कबूल केलं,
लादी पुसायच्या आधी एक मग ती घालायची, रोज.
शशी सकाळी पूजेचं.
मी सहा वाजता, बातम्यांच्या आधी.
कोणी कोणाला बोललं नव्हतं.

बुडालेलं मूळ पाणी ओढत नाही,
त्याला आधी हवा लागते, म्हणून झाड तहानलेलं दिसतं.
हे बद्रीलाल मला सांगत होता.
मला! ज्यानं त्या सगळ्या चढावर
टेकडी-टेकडीला हवेचे वाल्व बसवले,
कारण नळ रिता होताना हवा आत गेली नाही
तर लोखंडसुद्धा पापडासारखं चिमतं.
सहीच्या कागदावर होतं हे माझ्या.
गच्चीत आणायचं राहिलं.

कात्रीनं त्यानं बरंच कापलं.
पांढरी मुळं मूठभरच उरली.
जुनी, लहान, खापराची कुंडी मागितली,
नारळाचा भुगा, कुजलेला पाला, झाडाच्या सालीचे तुकडे,
काळी माती चिमूटभरही नाही.
"पाणी?"
"अबी नी."
"कधी?"
बोट नका घालू, म्हणाला, उचलून बघा.
हलकी लागली तर घोटभर.
जगेल का, ते मात्र विचारू दिलं नाही.

मृदुलाचा फोन. कसं आहे झाड?
पाणी बंद केलंय, म्हटलं.
"बाबा! तुम्ही?"

आज नळाचा दिवस.
सहाला तांब्या हातात आलाच, सवयीनं;
कठड्यावर ठेवला, कावळ्यांसाठी.
दोन्ही हातांनी कुंडी उचलली,
जरा वेळ तशीच धरली.
अजून जड आहे.